बास्केटबॉल संघाच्या जुन्या-नव्या शुभंकरांची तुलना कशी करावी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माहीममधील आमच्या सोसायटीच्या मुलांसाठी मी एक लहानसा कार्यक्रम ठेवला होता. एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल साखळीतील फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघाच्या तीन काळांतील तीन शुभंकरांची, म्हणजे मॅस्कॉटची, छायाचित्रे भिंतीवर दाखवायची, मुलांनी हात वर करून पसंती सांगायची आणि मग त्यावर गप्पा मारायच्या, असा साधा बेत होता. फ्रँकलिन नावाचा निळा कुत्रा एकतर्फी जिंकला, हिप-हॉप नावाचा ससा दुसरा आला आणि बिग शॉट या सर्वांत जुन्या केसाळ प्राण्याच्या वाट्याला दोनच मते आली. त्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, “काका, त्याचा फोटो धूसर होता म्हणून तो हरला का?” प्रश्न बिनतोड होता. मी शुभंकरांची तुलना करीत नव्हतो, तर १९८० च्या दशकातील कॅमेऱ्याची तुलना आजच्या कॅमेऱ्याशी करीत होतो. त्यानंतर हे काम पुन्हा पहिल्यापासून करताना जी पद्धत हाती आली, ती येथे मांडत आहे. शाळेचा प्रकल्प, क्लबाच्या भित्तिपत्रकासाठीचा लेख किंवा केवळ हौस, यांपैकी कशासाठीही ती वापरता येईल.

आरंभी एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे शुभंकर म्हटले की १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा अप्पू हत्ती किंवा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा शेरा वाघ आठवतो. हे स्पर्धेचे शुभंकर होत. त्यांचे मुख्य आयुष्य चित्रात, तिकिटावर आणि बिल्ल्यावर गेले व स्पर्धा संपताच त्यांचे काम आटोपले. संघाच्या शुभंकराची गोष्ट निराळी आहे. एनबीएच्या नेहमीच्या मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो व त्यांपैकी निम्मे घरच्या मैदानावर होतात, म्हणजे पोशाखातील कलाकाराला वर्षाला चाळीसेक रात्री तोच प्रेक्षक हसवायचा असतो आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून ‘दिसायला कोणता छान’ हा प्रश्न येथे पुरेसा नाही. त्या काळी, त्या मैदानात, त्या शुभंकराला कोणते काम दिले होते आणि ते त्याने कसे केले, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि पुढील प्रत्येक निरीक्षण त्याच्याशी ताडून पाहावे.

आधी कालपट आखावा

कागदावर एक आडवी रेषा ओढून तिच्यावर केवळ शुभंकरांची वर्षे मांडू नयेत. संघाचे मैदान केव्हा बदलले, मालकी केव्हा बदलली, संघाचे नाव किंवा शहर बदलले काय, हे त्याच रेषेच्या खाली नोंदवावे. शुभंकर क्वचितच आपणहून बदलतो. बहुतेक वेळा आधी दुसरे काहीतरी बदललेले असते.

फिलाडेल्फियाचेच उदाहरण पाहा. हा संघ १९६३ मध्ये सिरॅक्यूजहून तेथे आला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या शहरात १७७६ मध्ये संमत झाला, त्या शहराच्या सन्मानार्थ त्याने ७६ हा आकडा आपल्या नावात घेतला. १९६७ पासून १९९६ पर्यंत त्याचे घरचे सामने स्पेक्ट्रम या सभागृहात होत. बिग शॉट हा त्या जुन्या सभागृहाच्या काळातील शुभंकर होय. १९९६ मध्ये संघ नव्या मैदानात गेला, त्याच वर्षी ॲलन आयव्हर्सन हा गाजलेला खेळाडू संघात आला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पिळदार बाहूंचा, काळा चष्मा लावणारा हिप-हॉप हा ससा अवतरला. त्याच्या नावात सशाची टुणकन उडी आहे आणि त्या पिढीचे संगीतही आहे. संघाची मालकी २०११ मध्ये बदलली आणि त्याच वर्षी ससा निवृत्त झाला. त्यानंतर फेब्रुवारी २०१५ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, संघाला शुभंकरच नव्हता. मग फ्रँकलिन आला. त्याचे नाव स्वातंत्र्याच्या त्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून घेतले आहे, म्हणजे शुभंकर फिरून संघाच्या नावातील इतिहासाकडे वळला.

कालपटावरील ही मधली रिकामी जागा पुष्कळ जण ओलांडून पुढे जातात. मला ती सर्वांत बोलकी वाटते. ससा गेल्यावर संघाने प्रेक्षकांपुढे तीन पर्याय मतासाठी ठेवले होते: स्वतः बेंजामिन फ्रँकलिन, त्यांच्या नावाचा एक कुत्रा आणि एक मूस, म्हणजे मोठ्या शिंगांचे हरीण. प्रेक्षकांना त्यांपैकी काहीच रुचले नाही आणि संघाने तो बेत गुंडाळला. गंमत अशी की काही वर्षांनी जो शुभंकर आला, तो फ्रँकलिन नावाचा कुत्राच होता. म्हणजे नकार कल्पनेला होता की घडणीला, असा प्रश्न येथे उभा राहतो आणि तुलनेचा निम्मा रस या प्रश्नात आहे. नाकारलेले पर्याय उपलब्ध असतील, तर स्वीकारलेल्यांच्या शेजारी तेही मांडावेत.

पात्र, पोशाख आणि आतील माणूस

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, म्हणून या पायरीला सवड द्यावी. ‘शुभंकर’ या एका शब्दात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: कल्पिलेले पात्र, शिवलेला पोशाख आणि त्या पोशाखात शिरणारा कलाकार. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतील, असे नाही. जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथे मुखवटा जुना असतो, सोंग ठरलेले असते, पण बापाच्या जागी मुलगा नाचू लागला की गावाला पावलांतील फरक लगेच कळतो.

फीनिक्स सन्स या संघाचा गोरिला हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९८० मध्ये हेन्री रोहास नावाचा एक तरुण गोरिलाच्या वेशात सामन्याच्या ठिकाणी एका प्रेक्षकाला गाऊन शुभेच्छा देण्यासाठी आला होता. तशा शुभेच्छा पोचविणाऱ्या एका कंपनीत तो काम करीत असे. काम आटोपल्यावर त्याने कोर्टाच्या कडेला थोडे नाचून घेतले, लोकांना ते आवडले, तो पुन्हा आला आणि ‘सन्स’ म्हणजे सूर्य असे नाव असलेल्या संघाला सूर्याशी काडीचाही संबंध नसलेला शुभंकर मिळाला. रोहासचा गोरिला नाचाचा आणि खोड्यांचा होता. १९८८ मध्ये बॉब वूल्फ या कलाकाराने ती जागा घेतली आणि तोच गोरिला ट्रॅम्पोलिनवरून उसळून हवेत डंक करू लागला, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये आदळू लागला. नाव, प्राणी आणि संघ तोच राहिला, पण काम निराळे झाले. येथे ‘फीनिक्सचा एकच शुभंकर आहे, तेव्हा तुलना कशाची करणार’ असे म्हणणारा माणूस खरी तुलना हातची घालवतो.

उलट बाजू शिकागो बुल्सकडे दिसते. बेनी हा लाल बैल १९६९ पासूनचा. बेन बेंटली या संघाच्या पहिल्या प्रसिद्धी व्यवस्थापकाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. नव्वदच्या दशकात डंक करणारे शुभंकर सर्वत्र लोकप्रिय झाल्यावर संघाने बेनीला बाजूला न सारता त्याचा एक ‘चुलतभाऊ’ आणला, त्याचे नाव दा बुल. गोलमटोल बेनीने मुलांना मिठी मारायची आणि दा बुलने उड्या मारायच्या, अशी कामाची वाटणी होती. २००४ मध्ये दा बुल गेला आणि बेनीचे रूप पालटून त्याला अधिक चपळ करण्यात आले. अशा ठिकाणी दा बुलच्या काळातील बेनीची आजच्या बेनीशी सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण आजचा बेनी दोघांचे काम एकटा करतो.

पोशाखाचा विचार करताना त्याचे वजन आणि उष्णता विसरू नये. मुंबईत ऑक्टोबरच्या उन्हात एखाद्या खेळण्यांच्या दुकानासमोर अस्वलाच्या वेशात उभा असलेला मुलगा आपण पाहिलेला असतो. त्याच्या हालचाली मंद का असतात, हे त्या दुकानावरून चालत जाताना आपल्यालाही कळते. जाड फोम आणि दाट कृत्रिम केस यांच्या पोशाखात उलटी उडी मारता येत नाही. ती मारायची असेल, तर डोके लहान, धड आटोपशीर आणि पायमोजे घट्ट लागतात. म्हणून जुने छायाचित्र हाती आले की आधी डोक्याचे शरीराशी असलेले प्रमाण पाहावे, मग पंजे पाहावेत, मग कलाकार कोठून पाहत असेल ते शोधावे. डोळ्यांतून, तोंडाच्या फटीतून की नाकाच्या जाळीतून? एवढ्यावरून तो शुभंकर धावण्यासाठी शिवला होता की गळ्यात पडण्यासाठी, याचा बराच अंदाज येतो. मोठ्या डोक्याचा, लहान पायांचा शुभंकर ‘जुनाट’ म्हणून हसण्यावारी नेण्याआधी त्याच्याकडून उड्यांची अपेक्षा मुळात होती काय, हे विचारावे.

पुरावा कोठून आणावा, आणि त्यावर किती विसंबावे

मुंबईतून एनबीए पाहणाऱ्यांची एक अडचण आहे. सामने आपल्याकडे बहुधा पहाटे किंवा सकाळी दिसतात, आपण चहाचा कप घेऊन बसतो, टाइम-आउट होतो आणि पडद्यावर जाहिराती सुरू होतात. शुभंकराचे मुख्य काम नेमके त्याच दोन-तीन मिनिटांत चाललेले असते. त्यामुळे केवळ प्रक्षेपण पाहून ‘हा काही करीतच नाही’ असे मत बनवणे म्हणजे मध्यंतरात नाट्यगृहाबाहेर उभे राहून नाटकावर अभिप्राय देण्यासारखे आहे. प्रेक्षकांनी मैदानातून घेतलेली चित्रणे शोधावीत, संघाने स्वतः प्रसिद्ध केलेली चित्रणे त्यापासून वेगळी ठेवावीत आणि दोन्हींतील फरकाकडे लक्ष द्यावे. संघाचे चित्रण निवडक असते. त्यात फसलेला डंक नसतो.

जुन्या काळाच्या बाबतीत पुरावा मुळातच तुटपुंजा असतो आणि नव्या काळाच्या बाबतीत तो डोक्यावरून वाहतो. आजच्या शुभंकराची शेकडो चित्रणे आणि १९८५ च्या शुभंकराची चार छायाचित्रे एकमेकांसमोर ठेवली, तर जुना हरणारच. यावर मी एक साधा उपाय करतो. ज्या काळाचा पुरावा सर्वांत कमी, त्याच्या मापाने बाकीच्यांचाही पुरावा कापतो. बिग शॉटची चार स्थिर छायाचित्रे मिळाली, तर फ्रँकलिनचीही चारच घ्यायची, तीही शक्यतो तशाच प्रसंगांची: एक मुलांबरोबर, एक कोर्टावर, एक प्रेक्षकांत आणि एक नुसते उभे. सर्व छायाचित्रे कृष्णधवल करून, एकाच आकारात छापावीत. माहीमच्या कार्यक्रमात मी एवढे जरी केले असते, तरी त्या मुलीपुढे ओशाळे व्हावे लागले नसते.

ज्यांना प्रत्यक्ष सामना पाहण्याची संधी मिळते, त्यांनी ती दवडू नये. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. भारतात झालेले ते एनबीएचे पहिलेच सामने होते. अशा प्रसंगी प्रेक्षागृहात बसल्यावर खेळ थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला मैदानावर काय घडते, याची वहीत नोंद करावी. सामना थांबला की प्रेक्षकांना बांधून ठेवणे हे केवढे काम आहे, ते तेव्हा उमगते. नागपाड्याच्या कोर्टांवर, जेथे मुंबईच्या बास्केटबॉलच्या कितीतरी पिढ्या घडल्या, शुभंकर नसतो. तेथे हे काम कट्ट्यावर बसलेली मंडळी आपल्या शेरेबाजीने फुकटात करतात, असे मला नेहमी वाटते.

संघाच्या यशाचा गुलाल शुभंकरावर उधळू नये

२००१ मध्ये फिलाडेल्फिया अंतिम फेरीत पोचला आणि लॉस एंजेलिस लेकर्सकडून ४-१ असा हरला. त्या वर्षाच्या आठवणीत ससा आहे, म्हणून ससा लाडका आहे. उलट फ्रँकलिन आला तो २०१४-१५ चा मोसम संघाने १८ विजय आणि ६४ पराभवांनी संपवला, आणि पुढच्या मोसमात तर विजय केवळ १० होते. हरणाऱ्या संघाच्या मैदानात, निम्म्या निराश प्रेक्षकांपुढे नवे पात्र रुजवणे हे जिंकणाऱ्या संघाबरोबर नाचण्यापेक्षा किती तरी अवघड काम आहे. तेव्हा प्रत्येक शुभंकरापुढे त्याच्या काळातील संघाचा जय-पराजयाचा आकडा लिहावा आणि ज्या शुभंकराला पडता काळ मिळाला, त्याला त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यावे. फ्रँकलिनबद्दलचे माझे मत या एका रकान्यामुळे बदलले. आधी मला तो केवळ लहान मुलांसाठी केलेला गुळगुळीत कुत्रा वाटत असे. आता वाटते की मोठी माणसे रुसलेली असताना लहान मुलांकडे वळणे हाच त्या वेळचा शहाणपणा होता.

पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियांनाही फार महत्त्व देऊ नये, परंतु त्या पुऱ्या टाळूही नयेत. न्यू ऑर्लिन्सचा पिएर हा पेलिकन २०१३ मध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा इतका भयावह होता की मुले दचकत. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, चोच मोडल्याने शस्त्रक्रिया करावी लागल्याची गोष्ट रचून संघाने त्याला नवा, गोजिरा चेहरा दिला. येथे पहिली प्रतिक्रिया बरोबर होती. फिलाडेल्फियाच्याच आइस हॉकी संघाचा ग्रिटी हा केशरी, डोळे वटारलेला प्राणी २०१८ मध्ये आला तेव्हाही लोकांनी नाके मुरडली, पण थोड्याच दिवसांत त्याच शहराने त्याला डोक्यावर घेतले. दोन्ही उदाहरणांत पहिल्या दिवसाचा गदारोळ सारखाच होता. म्हणून पहिल्या आठवड्याचे मत आणि पहिल्या मोसमाअखेरचे मत अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्यात.

शुभंकर संघाचा की शहराचा?

संघ गाव बदलतात तेव्हा तुलनेची चौकटच डळमळते. शार्लट हॉर्नेट्स हा संघ १९८८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यासाठी शेरिल हेन्सन यांनी ह्युगो या गांधीलमाशीची रचना केली. २००२ मध्ये संघ न्यू ऑर्लिन्सला गेला आणि ह्युगोही बरोबर गेला. २००४ पासून शार्लटमध्ये बॉबकॅट्स हा नवा संघ खेळू लागला, त्याचा शुभंकर रूफस डी. लिंक्स हा रानमांजर. बॉबकॅटचे शास्त्रीय नाव लिंक्स रूफस, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने शाळेतील जीवशास्त्र सार्थकी लावले म्हणायचे. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सने पेलिकन्स हे नाव घेतले, हॉर्नेट्स हे नाव मोकळे झाले, २०१४ मध्ये शार्लटने ते परत घेतले आणि ह्युगो नव्या रूपात घरी आला.

आता तुलना कोणाची करायची? शार्लट शहर धरले, तर ह्युगो, रूफस आणि पुन्हा ह्युगो असा क्रम येतो. न्यू ऑर्लिन्स धरले, तर ह्युगो आणि पिएर. दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण एकाच लेखात अर्ध्यावर मार्ग बदलू नये. माझा कल शहराकडे आहे, कारण शुभंकराची आठवण मालकाच्या कागदपत्रांत राहत नाही, ती वडिलांचा हात धरून सामन्याला आलेल्या पोरांकडे राहते, आणि ती पोरे संघाबरोबर गाव बदलीत नाहीत.

महिलांच्या संघांकडेही पाहावे. न्यूयॉर्क लिबर्टी संघाचा मॅडी हा कुत्रा मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मैदानाच्या नावाचा होता. संघ ब्रुकलिनला गेल्यावर ते नाव निरर्थक झाले आणि २०२१ मध्ये एली ही हत्तीण आली. १८८४ मध्ये पी. टी. बार्नम यांनी ब्रुकलिनच्या पुलाची मजबुती दाखवण्यासाठी त्यावरून २१ हत्ती चालवत नेले होते. त्या घटनेची आठवण या हत्तिणीमागे आहे. लांब वेणी, झोकदार कपडे आणि व्यावसायिक नर्तकीला साजेसा नाच यांमुळे एलीने शुभंकराच्या कामाची व्याख्याच थोडी सरकवली. तिला कोणी डंक करता येतो का म्हणून विचारीत नाही.

निष्कर्ष लिहिताना

गुण देण्याचा मोह आवरावा. दहापैकी सात, दहापैकी नऊ असे आकडे लिहिले की वाचक फक्त आकडेच वाचतो. त्याऐवजी प्रत्येक शुभंकराबद्दल एक परिच्छेद लिहावा आणि त्यात त्याला दिलेले काम, त्याच्या पोशाखाने घातलेली मर्यादा आणि प्रेक्षकांनी त्याला कसे वागवले, एवढे यावे. आपली आवड-निवड लपवू नये, पण ती शेवटच्या ओळींत, आपली म्हणूनच सांगावी. लालबागच्या मूर्तीच्या चेहऱ्यावरून दोन मुंबईकर तासभर वाद घालतात, तेव्हा त्यांपैकी कोणीही तटस्थ असल्याचा आव आणीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो कार्यक्रम पुन्हा घेतला. या वेळी छायाचित्रांच्या बाह्यरेषा गिरवून, आत काळा रंग भरून, नुसत्या छायाकृती भिंतीवर लावल्या आणि मुलांना खोलीच्या शेवटच्या भिंतीपाशी उभे केले, कारण खऱ्या मैदानातही बहुतेक प्रेक्षक लांबूनच पाहतात. सशाचे कान सर्वांनी ओळखले. कुत्र्याला तिघांनी अस्वल म्हटले. बिग शॉटपाशी मुले थबकली, मग एकाने तो ढग आहे असे सांगितले, दुसऱ्याने उशी, आणि सातवीतील ती मुलगी, आता तिच्याकडे स्वतःची वही होती, पुढे येऊन त्याच्या पायांचे माप घेऊ लागली.